क्रमशः

“थांबा, थांबा, थांबा!”

आधी आवाज आत येतो, मागून बेल वाजते आणि सगळ्यात शेवटी आमचे धाकटे दीर येतात. हा एकच उलटा क्रम त्यांना आजवर खटकलेला नाही.

शनिवारची रात्र होती. जेवणं आटोपली होती, चिमीचा गृहपाठ झाला होता (म्हणजे तिनं तसं सांगितलं होतं), ह्यांनी सोफ्यावर पाय लांब केले होते आणि मी रिमोट घेऊन ‘स्टार वॉर्स’पाशी आले होते. वर्गात सगळ्यांनी पाहिलाय, मीच एकटी राहिलेय, म्हणून चिमीनं महिनाभर डोकं खाल्लं होतं. यादीत जो सगळ्यात वर दिसेल तो लावायचा, इतका साधा बेत. तो वरच्या मजल्यावर भाऊजींच्या घरी कसा पोचला, देव जाणे.

“कोणता लावताय, वहिनी?”

“पहिला.”

“कोणता पहिला?”

“पहिला म्हणजे पहिला. एक नंबर.”

भाऊजींनी माझ्या हातातून रिमोट काढून घेतला. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसा, न दुखवता. “वहिनी, जो पहिला आला तो चौथा आहे. आणि जो पहिला आहे तो चौथा आलाय.”

त्या रात्री आम्ही बातम्या पाहिल्या.

सोसायटीत भाऊजींना ‘क्रमशः’ म्हणतात. नाव माझ्या जावेनं ठेवलं. मासिकातल्या कादंबरीच्या तुकड्याखाली कंसात छापलेलं असतं ना, ते. ती म्हणते, यांचं सगळं क्रमानं चालतं आणि म्हणून कधीच संपत नाही, दोन्ही अर्थ बसतात. भाऊजींना हे नाव ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. वय पंचेचाळीस, नोकरी हिंजवडीत, पोट थोडं सुटलेलं, शर्टाच्या खिशाला पेन. बाकी माणूस सोन्यासारखा. रात्री दोन वाजता रिक्षा शोधायला जाईल, गॅसचा सिलिंडर चार मजले चढवेल. फक्त त्यांच्यासमोर ‘सिनेमा बघू या’ म्हणायचं नाही. म्हटलंच, तर सिनेमा सोडून बाकी सगळं होतं.

आधी होते तपासणी. रक्त द्यायला गेल्यावर लॅबमधला मुलगा विचारतो ना, “काही खाल्लंप्यायलं नाही ना?”, त्याच सुरात त्यांनी चिमीला विचारलं, “तुला काही माहीत नाही ना?”

“काळ्या हेल्मेटवाला वाईट असतो, एवढं माहितीये.”

“एवढं चालेल,” भाऊजी म्हणाले, “पाणी प्यायलेलं चालतं.”

मग एक वाक्य ठरलेलं असतं: “मी काही सांगत नाही, पण…” या ‘पण’नंतर जे येतं ते काही कमी नसतं. एकदा ह्यांना त्यांनी इतकं ‘काही न सांगता’ सांगितलं, की हे म्हणाले, मला आता पाहायची गरज उरली नाही. ह्यांचा प्रकारच निराळा. हे ‘शोले’ कुठूनही पाहतात. गब्बर दिसला की थांबायचं, ठाकूर दिसला की चहा ठेवायला सांगायचं. एकाच आईच्या पोटी ही दोन मुलं कशी निपजली, असं मला सुरुवातीला वाटायचं. मग सासूबाईंना ताट वाढताना पाहिलं. मीठ आधी, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, हे डावीकडे. भाजी-आमटी उजवीकडे. मी नवी असताना घाईत एकदा चटणी उजव्या बाजूला वाढली, तर सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त ताट फिरवून ठेवलं. म्हणजे मीठ उलट्या टोकाला गेलं, पण चटणी डावीकडे आली. तेव्हाच ओळखायला हवं होतं, की हे रक्तातलं आहे. गणपतीत गणपतीनंतर शंकराची आणि मग देवीची आरती. कुणी पाहुण्यानं मध्येच विठोबाची सुरू केली, तर भाऊजी टाळ वाजवायचे थांबतात.

पण मुख्य हकिगत फोडणीची आहे.

त्या शनिवारनंतरचा रविवार. मी पोह्यांची तयारी करत होते. कांदा चिरलेला, पोहे भिजवून निथळत ठेवलेले, तेल तापत होतं. भाऊजी स्वयंपाकघरात आले, ओट्यावरचा मिसळणाचा डबा स्वतःकडे ओढला आणि एकेक वाटी बाहेर काढायला लागले.

“हे बघा वहिनी. ही मोहरी म्हणजे चार नंबर. १९७७. सगळ्यांच्या आधी ही आली. तेव्हा हिच्यावर नंबरसुद्धा नव्हता, नुसतं ‘स्टार वॉर्स’. ‘एपिसोड फोर’ आणि ‘अ न्यू होप’ हे १९८१ साली पुन्हा लावताना घातलं. म्हणजे मूल झाल्यावर चार वर्षांनी बारसं. हे जिरं पाच नंबर, ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’, १९८०. हा गोडा मसाला सहा, ‘रिटर्न ऑफ द जेडाय’, १९८३. मग जॉर्ज लुकस सोळा वर्षं गप्प.”

“भाऊजी, तेल तापलंय. मोहरी द्या.”

“देतो. सोळा वर्षांनी या मेथ्या, एक नंबर, ‘द फँटम मेनेस’, १९९९. ही हळद दोन, २००२. हे तिखट तीन, २००५. यात मागची गोष्ट आहे, बाप कसा बिघडला याची. आता प्रश्न असा, की तुम्ही ओट्यावर कुठल्या क्रमानं मांडणार?”

ओट्यावर नव्हे, कढईत, असं म्हणून मी मोहरीची वाटी हिसकावली. ती तडतडली, मग जिरं घेतलं, हिंग घातला, हळदीला हात घातला आणि भाऊजी एकदम ओरडले, “बरोब्बर!” माझ्या हातून चमचा पडला.

“वहिनी, हळद आधी का नाही टाकलीत?”

“जळते म्हणून. मोहरी तडतडायच्या आत करपून कडू होईल.”

“मग मी वेगळं काय सांगतोय? मोहरी, जिरं, नंतर हळद. चार, पाच, नंतर दोन!”

खरं सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचं म्हणणं कळलं. (इथे भाऊजींच्या आग्रहावरून एक सूचना: ज्यांनी हे सिनेमे पाहिलेले नाहीत आणि कधीतरी पाहायचे आहेत, त्यांनी हे पान इथेच मिटावं. मी म्हटलं, मग वाचणार कोण? ते म्हणाले, तो तुमचा प्रश्न.) पाचव्या भागाच्या शेवटाकडे तो काळ्या हेल्मेटवाला त्या पोराला सांगतो, की मीच तुझा बाप. सगळा डोलारा त्या एका वाक्यावर. एक-दोन-तीन असं सरळ आकड्यांनी गेलात, तर तिसऱ्याच सिनेमात बापाच्या तोंडावर तो मुखवटा चढताना दिसतो आणि पाचव्यातला धक्का फुसका होतो. हळद करपली.

आता कुणीही म्हणेल, की मग जसे आले तसे पाहा, प्रश्न मिटला. मीही म्हटलं. भाऊजींनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. “वहिनी, सहाव्यात लग्न लागून वरात गेली, आणि त्यानंतर तीन सिनेमे मुलगी बघायचा कार्यक्रम?”

यावर तोड म्हणून २०११ साली एका अमेरिकन प्रोग्रामरनं एक क्रम काढला, तो जगभर ‘मॅशेटी ऑर्डर’ म्हणून ओळखला जातो. मॅशेटी म्हणजे झाडंझुडपं छाटायचा कोयता. भाऊजी तिला ‘कोयता पद्धत’ म्हणतात. पुण्यात हा शब्द आधीच बदनाम, त्यामुळे ते बाल्कनीत उभे राहून फोनवर “कोयता काढायचाच, दुसरा इलाज नाही” असं म्हणाले तेव्हा खालचे दोन जण वर बघायला लागले होते. पद्धत अशी: चार, पाच, मग दोन, तीन आणि शेवटी सहा. पाचव्यात बाप कळला, पोरगं हात तुटून पडलंय, अशा अवघड जागी थांबायचं आणि दोन सिनेमे मागे जाऊन बापाची कर्मकहाणी ऐकायची. मग सहाव्यात निकाल. आणि एक नंबरला सरळ कोयता. त्यात मुलगा अगदी लहान आहे, मुख्य दुष्ट शेवटी मरतो, पुढं त्यावाचून काही अडत नाही.

“मेथ्या काढून टाका,” भाऊजींनी वाटी बाजूला सारली.

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. “मेथ्या कडूच असतात रे,” त्या म्हणाल्या, “पण त्यांच्यावाचून लोणचं घालून दाखव.”

भाऊजी वाटीकडे बघत बसले. पोहे खाऊन झाले, दुसऱ्यांदा चहा झाला, ते वाटीकडेच बघत होते. संध्याकाळी येऊन त्यांनी जाहीर केलं, की एक नंबर ‘ऐच्छिक’ ठेवण्यात येत आहे.

क्रमापाठोपाठ येते आवृत्ती. १९७७च्या सिनेमात हान सोलो नावाचा तस्कर खानावळीत बसल्या बसल्या समोरच्यावर टेबलाखालून गोळी झाडतो. १९९७ साली लुकसनं तोवरचे तिन्ही सिनेमे घासूनपुसून पुन्हा लावले, त्यात समोरचा आधी झाडतो आणि हातभर अंतरावरून त्याचा नेम चुकतो. या एका गोळीवर भाऊजी पाऊण तास बोलू शकतात. माझ्या डोळ्यांदेखत गॅसचं कनेक्शन बदलायला आलेल्या माणसाशी बोलले आहेत. त्याहून मोठं दुःख सहाव्याचं. त्याच्या शेवटी मेलेला बाप चांगल्या रूपात दिसतो. मूळ सिनेमात तिथे एक वयस्कर नट होता. २००४च्या डीव्हीडीत त्याला काढून हेडन क्रिस्टन्सनला घातलं, जो बापाच्या तरुणपणीचं काम पुढच्या सिनेमांत करतो. “१९८३ साली तो दोन वर्षांचा होता, वहिनी! दोन वर्षांचा! दुपट्यातलं पोर आपल्याच भुताचं काम करतंय!” म्हणून आल्या क्रमानं पाहणाऱ्याला शेवटी जो तरुण दिसतो, त्याला त्यानं उभ्या जन्मात पाहिलेलं नसतं. भाऊजींच्या मते या एका मुद्द्यावर कोयता पद्धत सुप्रीम कोर्टातसुद्धा टिकेल.

लुकसचं स्वतःचं म्हणणं एक ते सहा असंच पाहावं, असं आहे. त्यावर भाऊजींचा शेरा: “त्याला काय कळतंय त्यातलं?”

त्यांच्या ऑफिसात एक मित्र आहे, तो ‘जसे आले तसे’वाला. दोघं एकाच बसनं जातात, शेजारी बसतात, डबा वाटून खातात. फक्त नंतर आलेल्या सात-आठ-नऊचा विषय निघाला, की एक जण एक थांबा आधी उतरतो. चालत घरी येऊन भाऊजी म्हणतात, “कर्मठ आहे हो. वाईट नाही, पण कर्मठ.”

या सगळ्यात माझ्या जावेचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मुलगी बघायच्या कार्यक्रमात भाऊजींनी एकच प्रश्न विचारला होता, “तुम्ही स्टार वॉर्स पाहिलाय?” ती नाही म्हणाली. त्याच संध्याकाळी होकार कळवला गेला. तिला वाटलं, आपला साधेपणा आवडला. भाऊजींना खरं तर कोरी पाटी सापडली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली, पाटी अजून कोरी आहे. कारण क्रम ठरत आला, की काहीतरी व्हायचं. २०१२ साली डिस्नेनं लुकसची कंपनी चार अब्ज डॉलरला घेतली आणि नवे सिनेमे येणार असं कळलं. भाऊजी म्हणाले, थोडं थांबू. २०१५ला सात आला. २०१६ला ‘रोग वन’, जो चार नंबर सुरू होण्याच्या ऐन उंबरठ्यावर संपतो, मग तो चारच्या आधी की नंतर? २०१७ला आठ. २०१८ला त्या गोळी झाडणाऱ्या सोलोचं तरुणपण. २०१९ला नऊ, आणि आता संपलं म्हणेपर्यंत त्याच वर्षी ‘मँडलोरियन’ मालिका. मग ‘अँडोर’, ती ‘रोग वन’च्या आधीची, तिचा दुसरा भाग २०२५ला. मध्ये ‘क्लोन वॉर्स’ नावाची कार्टून मालिका आहे, १३३ भागांची, आणि ती मुळातच मागेपुढे दाखवलेली; तिचा योग्य क्रम बनवणाऱ्यांनीच नंतर यादी करून दिला. ही यादी हाती आली त्या दिवशी भाऊजींच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी फक्त काशीहून परतलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

जाऊ मधल्या काळात कोरियन मालिका बघते. सोळा भाग, एक ते सोळा, विषय संपला. “आमचं अजून ठरतंय,” ती शांतपणे सांगते.

एकदा मी भाऊजींचं मन रमवायला म्हटलं, तो ‘टर्मिनेटर’ बघू या का? ते उठून उभे राहिले. “वहिनी, त्यात मुलगा आपल्या बापाला आपल्या जन्माच्या आधी पाठवतो. तिथे कसला क्रम लावणार?” आणि पाणी प्यायले.

कोंडी सासूबाईंनी फोडली. वय अठ्ठ्याहत्तर, दुपारी पोथी, संध्याकाळी मालिका. त्या म्हणाल्या, “कसला रे क्रम क्रम करतोस? महाभारत काय सरळ आहे? नैमिषारण्यात सौती सांगतोय. तो कुठे ऐकून आला? जनमेजयाच्या सर्पसत्रात, वैशंपायनाच्या तोंडून. आणि जनमेजय कोण? अर्जुनाचा पणतू. म्हणजे सगळे मरून गेल्यावर गोष्ट सुरू होते. कर्ण कुणाचा, हे आम्हाला परकरात असल्यापासून ठाऊक. म्हणून काय कुंती त्याच्याकडे जाते तेव्हा डोळ्यांत पाणी येत नाही?”

भाऊजींनी लगेच मित्राला फोन लावला. “ऐक. व्यासांनी चार नंबर आधी काढला होता.”

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मुहूर्त लागला. आमच्या फ्रिजवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी एक कागद लागला, चार रंगांच्या पेनांनी लिहिलेला. ४, ५, (१ ऐच्छिक), २, ३, ६. ‘सात ते नऊ: नंतर बोलू.’ त्याखाली फराळाच्या सूचना. चकली चौथ्याला चालेल, त्यात लढाया आहेत. पाचव्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात कुरकुरीत काहीही वर्ज्य, फक्त बेसनाचा लाडू.

चौथा पाहिला. मूळ सिनेमा दोन तासांचा, आम्हाला साडेतीन लागले, कारण भाऊजी थांबवून थांबवून काही सांगत नव्हते. जाऊ आली होती, चौदा वर्षांची प्रतीक्षा संपवायला. वाळवंटातच तिला झोप लागली. हे मधूनच उठून फिरून यायचे आणि विचारायचे, “गब्बर आला का?” सासूबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून भाऊजी त्यांच्या कानाशी मराठीत सांगत होते, आणि तो सोनेरी यंत्रमानव बोलायला लागला की सासूबाईच म्हणायच्या, “हा आपल्या जोशी काकांसारखा करतो.”

दुसऱ्या रात्री पाचवा. भाऊजींनी स्वतःची खुर्ची टीव्हीकडे पाठ होईल इतकी वळवून चिमीच्या समोर आणली होती. त्यांना सिनेमा बघायचाच नव्हता. त्यांना चिमीचं तोंड बघायचं होतं. डाव्या अंगाला आई, तिच्या कानाशी तोंड. समोर पुतणी, तिच्यावर डोळे. ह्यांनी लाडवासाठी ताटली ओढली, तर तिच्या आवाजावरही त्यांचं बोट ओठांवर गेलं.

पोराचा हात तुटला. वारा घोंगावत होता. काळा माणूस हात पुढे करून काहीतरी बोलला आणि भाऊजींनी, आवाज किंचित कापत, आईच्या कानात सांगितलं, “म्हणतो, मीच तुझा बाप.”

चिमीनं “आँऽऽ!” केलं. दोन्ही हात गालांवर, डोळे एवढे मोठे. भाऊजींचा चेहरा असा उजळला, की आकाशकंदील विझवला असता तरी चाललं असतं.

मी मात्र चिमीची आई आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती झाड झाली होती, तेव्हाचा तिचा अभिनय मी पाहिलाय. रात्री दात घासताना विचारलं, तर तोंडात फेस तसाच ठेवून म्हणाली, “टॉय स्टोरी टूमध्ये आहे की तो जोक. मला बालवाडीपासून माहितीये. काकाला सांगू नकोस हं.”

पण खरी गोष्ट घडली ती भाऊजींच्या डाव्या खांद्यामागे, आणि ती फक्त मी पाहिली. सासूबाईंच्या बोटांत लसणाची अर्धी सोललेली पाकळी तशीच थांबली होती. तोंड उघडं. पदर खांद्यावरून घसरलेला, तो सावरायचं भान नाही. “अगं बाई,” त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू, की ते आपल्याशीच. मग पाकळी वाटीत टाकून, नेहमीच्या आवाजात: “मला वाटलंच होतं. एवढा हात धुऊन पाठीमागे लागतो, म्हणजे घरचाच असणार.”

सिनेमा संपल्यावर भाऊजी तासभर सांगत होते. शूटिंगच्या वेळी ते वाक्य लिहिलेलंच नव्हतं, मुखवट्यातला नट भलतंच बोलला होता, तुझ्या बापाला तुझ्या गुरूनं मारलं असं काहीतरी. खरं वाक्य नंतर दुसऱ्याच माणसाच्या आवाजात भरलं. ज्या पोराला ते ऐकायचं होतं, त्याला कॅमेरा सुरू व्हायच्या अगदी आधी कानात सांगितलं. मी मधेच म्हटलं, “भाऊजी, तुम्ही आईंचं तोंड बघायला हवं होतं.”

ते थांबले. “म्हणजे?”

सांगितलं. त्यांनी मला ते तीनदा करून दाखवायला लावलं. पाकळी कुठल्या हातात होती? तोंड पूर्ण उघडं की अर्धं? ‘अगं बाई’ आधी की पदर आधी?

“तुझं कसं झालं होतं रे, पहिल्यांदा पाहिलास तेव्हा?” ह्यांनी सहज विचारलं. भाऊजी फ्रिजवरचा कागद सरळ करायला लागले. तो सरळच होता.

उत्तर सासूबाईंनी दिलं. “त्याचं कुठलं काय व्हायला! तो अस्वलांवर गेला ना.”

डोंबिवलीत, ८८ साली, बिल्डिंगच्या गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणला होता. रात्रभराच्या कॅसेट. दोन हिंदी, एक पौराणिक आणि लायब्ररीवाल्यानं चुकून घातलेली एक इंग्रजी. ती लागेपर्यंत पहाटेचे तीन वाजले, सतरंजीवर सगळी पोरं मुडद्यासारखी पडलेली. जागा होता तो हा एकटा, आठ वर्षांचा. तो सहावा होता, ‘रिटर्न ऑफ द जेडाय’. बाप कोण, बहीण कोण, कोण चांगला झाला, सगळं त्यात आधीच उघड झालेलं. इंग्रजीचा गंध नाही, त्यामुळे ह्याला कळलं ते एवढंच, की जंगलात छोटी अस्वलं आहेत आणि ती दगडं-ओंडके मारून मोठ्या लोखंडी जनावरांना पाडतात. “पाच वाजता धावत आला, मी पाणी भरत होते. मला गदागदा हलवून म्हणतो, आई, अस्वलं जिंकली! आठ दिवस दुसरं काही बोलला नाही. कॉलेजात गेल्यावर कुणीतरी सांगितलं, तो शेवटचा भाग होता म्हणून. तेव्हापासून हा असा.”

कुणी काही बोललं नाही. जाऊ सोफ्यावरून भाऊजींकडे बघत होती. मला वाटतं, ती चौदा वर्षांत तशी पहिल्यांदाच बघत असावी.

“आता तो लाव,” सासूबाई म्हणाल्या.

“कुठला?”

“अस्वलांचा.”

“आई, मध्ये दोन आहेत. दोन आणि तीन. ते पाहिल्याशिवाय—”

“मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.”

भाऊजी रिमोट घेऊन उभे राहिले. एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा आईकडे. साडेदहा वाजून गेले होते, खाली कुणीतरी उरलेली लवंगी माळ लावत होतं. मग त्यांनी खुर्ची उचलली, टीव्हीकडे तोंड करून आईच्या शेजारी ठेवली आणि सहा नंबर लावला. “त्यातलं एक पिल्लू आहे ना आई, त्याच्या कातड्यात खराखुरा मुलगा होता. अकरा वर्षांचा. चिमीएवढा.”

चिमी लगेच पुढे सरकली. तिच्याकडे न बघताच भाऊजींनी हात आडवा केला.

“तू नाही. तू आत जा. तुझे अजून दोन व्हायचेत.”